पडद्यावर काय आलं?

खोली भाड्याने देण्याआधी काकांनी मला ना पगार विचारला, ना लग्न, ना आणखी काही. पलंगावर मांडी घालून बसले होते. माझा आवाज जिकडून येत होता तिकडे किंचित कान वळवून म्हणाले, "सातारच्या म्हणता ना मॅडम? मंग एक सांगा. तुमच्याकडचे डोंगर कसे दिसते? एकाच्या मांगं एक, का एकाच्या बाजूले एक?"

बावीस वर्षं ज्या डोंगरांकडे पाहत दात घासले, ते कसे दिसतात हे मला सांगता येईना. काहीतरी चाचरत बोलले.

"बावीस वर्षं पाह्यले आन् सांगता येत नाई," काका खूश होऊन म्हणाले. "काऊन की दिसते त्याले इचारायची सवय नसते. घ्या, वरची खोली घ्या. जिन्याची चौथी पायरी उंच आहे, सांभाळून चढजा."

मी वर्ध्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला आले होते. दोन हजार चार-पाच सालची गोष्ट. काका एका सरकारी कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर होते. चार वर्षांचे असताना गोवरात त्यांची दृष्टी गेली होती. बाहेरून फोन आला की तो आत कुणाच्या टेबलाला जोडून द्यायचा, हे काम. कचेरीतले सगळे नंबर पाठ. पण फोन करणाऱ्याची सुटका सहजी होत नसे. देवळीहून कोणी शेतकरी साहेब आहेत का असं विचारायचा, तर काका म्हणायचे, "लावून देतो ना भाऊ. पण आधी सांगा, कपाशीचं फूल पह्यल्या दिवशी पांढरं आन् दुसऱ्या दिवशी गुलाबी होते म्हणते, खरं काय? एकदम होते, का कडेकडेनं?" शेतकरी आधी गोंधळायचा, मग रंगात येऊन सांगत बसायचा, आणि आत साहेबांचा फोन मुका. यावरून काकांना दोनदा लेखी समज मिळाली होती. दोन्ही कागद त्यांनी माझ्याकडून वाचून घेतले आणि विचारलं, "सही कशी आहे साहेबाची? लांब ओढली का गोळा केली?"

बाहेर निघताना हातात पांढरी काठी नसायची, बारा महिने मिटलेली छत्री असायची. म्हणायचे, "काठी पाहून लोकं रस्ता देते. छत्री पाहून बोलते." ते खरंही होतं. मे महिन्याच्या उन्हात छत्री न उघडता चाललेला माणूस पाहून कोणीतरी विचारायचंच, आणि काकांना तेवढंच हवं असायचं.

आंधळ्या माणसाचे कान फार तिखट असतात असं आपण ऐकतो. काकांचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता, पण ते बऱ्याचदा सपशेल चुकत. एकदा त्यांनी पोस्टमन बदलला असल्याचं ठासून सांगितलं आणि 'नव्या' पोस्टमनला त्याचं गाव विचारलं. पोस्टमन जुनाच होता, दाढ सुजली होती इतकंच. काका घरात येऊन हसत म्हणाले, "पाह्यलं काय, दाढेनं माणूस बदलते." आणि टंकायला बसले.

टंकायला म्हणजे कॉम्प्युटरवर. खालच्या मधल्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता. मी येण्याच्या सहा वर्षं आधी घेतलेला, विंडोज अठ्ठ्याण्णववर चालणारा. त्यात एक बोलणारा प्रोग्राम होता. पडद्यावर जे येईल ते तो वाचून दाखवायचा, पण इंग्रजीत आणि गोऱ्या साहेबाच्या उच्चारात. मराठी वाचणारं तेव्हा काहीच मिळत नव्हतं. म्हणून काका मराठी इंग्रजी अक्षरांत लिहीत आणि साहेब ते त्याच्या पद्धतीने वाची. देवळीला 'डिओलाय' म्हणे, आंजीला 'अँजाय'.

पण त्या प्रोग्रामात एक सोय होती. एखादा शब्द तो चुकीचा वाचत असेल, तर त्या शब्दापुढे वाकडंतिकडं स्पेलिंग लिहून ठेवायचं. मग तो पुढच्या वेळी त्या वाकड्या स्पेलिंगप्रमाणे बोलायचा आणि शब्द सरळ ऐकू यायचा. काकांनी सहा वर्षं ही यादी केली होती. 'राह्यला', 'काऊन', 'मांगं', गावांची नावं, माणसांची नावं, भाज्या, शिव्यासुद्धा. मी पहिल्यांदा त्या यंत्राचं बोलणं ऐकलं तेव्हा खुर्चीत बसून हसत सुटले. इंग्लंडात जन्मलेला माणूस वर्ध्याच्या बाजारात म्हातारा व्हावा तसं ते बोलत होतं.

"मी त्याले वऱ्हाडी शिकवली," काका म्हणाले. "शिकून राह्यला हळूहळू. 'ळ' मात्र काई केल्या येत नाई त्याले."

आणि तो वाचत काय असे? काकांची एक फाईल होती. तिचं नाव 'दिसते कसं'. लोकांना विचारलेलं सगळं तीत होतं, सांगणाऱ्याच्या नावागावासकट. धुकं कसं दिसते. मेलेला माणूस झोपलेल्यापेक्षा वेगळा कसा दिसते. पुलगावच्या एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं होतं की रस्ता उन्हात ओला दिसतो आणि जवळ गेलं की कोरडा होतो. काकांनी त्याखाली लिहिलं होतं, 'हे तिघांनी सांगितलं. तरी पटत नाही.'

काकू या सगळ्यापासून लांब असत. बोलणं कमी, चालणं झपाझप. त्या खोलीत झाडायला यायच्या आणि यंत्र बोलू लागलं की म्हणायच्या, "हा साहेब उठला. आता माणसाचं कोण ऐकते." काका हसायचे. मीही हसायचे.

एक दिवस काकांनी मला खाली बोलावलं. "मॅडम, डिस्क आवाज करून राह्यली. ऐका."

कॉम्प्युटरच्या डब्याच्या आतून टिक, टिक, मग जरा थांबून पुन्हा टिक असा आवाज येत होता. या वेळी काका चुकले नव्हते. हार्ड डिस्क मरायला टेकली होती.

मी तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं की नवी डिस्क आणा, मी तिच्यावर विंडोजची नवी एक्सपी टाकून देते. अठ्ठ्याण्णव आता कोणी टाकत नाही.

"पण माहा साहेब एक्सपीत बोलत नाई," काका म्हणाले. त्यांच्याकडे होती ती बोलक्या प्रोग्रामची आवृत्ती अठ्ठ्याण्णवच्या पुढे चालत नव्हती, हे त्यांनी दहा जणांना फोन करून आधीच विचारून ठेवलं होतं. "अठ्ठ्याण्णवच टाकायचं. सारे टप्पे पाठ आहे मले. पण ते टाकून होईपर्यंत साहेब मुका राह्यते. म्हणून डोळे पाह्यजेत. मले येते पण दिसत नाई, तुम्हाले दिसते पण येत नाई. दोघं मिळून एक माणूस होते."

'येत नाही' हे मला लागलं. मी दिवसाला चार बॅचेस शिकवत होते.

नवी डिस्क नागपूरहून आली, चाळीस जीबीची. रविवारी सकाळी मी ती जोडली, बटण दाबलं आणि यंत्र पहिल्याच काळ्या पडद्यावर थिजलं. वायर बदलली, पुन्हा जोडलं. तेच. तीन दिवस क्लासवरून आल्यावर माझी तीच खटपट. शेवटी मी म्हणाले, डिस्क खराब आहे, परत करा.

"डिस्कवर कागद चिकटवला असंन ना? काय लिवलं आहे त्याच्यावर?"

"काही नाही काका, कंपनीचं नाव, नंबर, असंच."

"असंच म्हणजे काय? साऱ्या ओळी वाचा."

मी वैतागून वाचू लागले आणि सातव्या ओळीशी थांबले. बारीक अक्षरांत लिहिलं होतं की जुनं यंत्र सुरू होताना अडकत असेल तर मागच्या पिनांवर एक जंपर अमुक जागी बसवा, म्हणजे डिस्क आपला आकार बत्तीस जीबीच सांगेल. जंपर म्हणजे नखाएवढी प्लास्टिकची टोपी. ती डिस्कसोबतच्या पुडीत होती. बसवली आणि यंत्र सुरू झालं.

"म्हणजे नव्यानं जुन्यापुढं जरा लहान व्हायचं," काका म्हणाले. "बरोबर आहे."

मी हसले, पण मनात खट्टू होते. तीन दिवस तो कागद माझ्या हातात होता.

पुढच्या रविवारी दुपारी खरं काम सुरू केलं. जुनी आणि नवी, दोन्ही डिस्क जोडल्या. बेत असा होता की नवी डिस्क आखून, फॉरमॅट करून घ्यायची, मग जुनीवरचं सगळं तिच्यावर आणायचं. काका म्हणाले होते की आधी निदान ती फाईल फ्लॉपीवर काढून घेऊ. त्यांच्याकडे एकच फ्लॉपी होती. तिच्यावर उच्चारांची यादी होती, तीही चार वर्षांपूर्वीची. मी म्हणाले, "कशाला काका? तासाभरात थेटच आणू."

ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले होते. प्रत्येक पायरीला विचारत होते, "पडद्यावर काय आलं?" आणि मी सांगत होते, पण सगळं नाही. मला जेवढं महत्त्वाचं वाटेल तेवढं. डिस्कची निवड आली. पडद्यावर एक आणि दोन असे नंबर होते. एक म्हणजे नवी असं मी गृहीत धरलं.

"किती एमबी दाखवते?" काकांनी विचारलं.

समोर आकडा होता. मी तो वाचला नाही. म्हणाले, "बरोबर आहे काका." आणि पुसायची आज्ञा दिली. मग फॉरमॅट सुरू केलं. टक्के वाढू लागले. काका गुणगुणत होते.

सदतीस टक्क्यांवर आकडा थांबला. खाली एक ओळ आली की डिस्कवर खराब जागा सापडली आहे, ती सावरायचा प्रयत्न चालू आहे. आणि डब्यातून आवाज यायला लागला. टिक, टिक.

नव्या डिस्कवर खराब जागा कुठून येईल? मी वर पाहिलं, आकारासमोर चार हजार आणि काही एमबी लिहिलेलं होतं. ती जुनी डिस्क होती.

काकांचं गुणगुणणं थांबलं. "मॅडम, आवाज जुन्या डिस्कचा येऊन राह्यला. फॉरमॅट नवीचं चालू आहे ना?"

मी म्हणाले, "हो काका. नवीचंच."

त्यांनी मान जरा तिरकी करून पुन्हा ऐकलं. मग कानशिलावर एक टिचकी मारून म्हणाले, "मंग माह्याच कानाचा दोष."

एवढं बोलून ते चहा सांगायला उठले. मी यंत्र बंद केलं, उद्या बघू, गरम झालंय, असं काहीसं म्हणून वर निघून गेले. चौथ्या पायरीला ठेचकाळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंगणात भांडी घासत होत्या. मी आधी त्यांना सांगितलं. वाटलं, त्या काकांना हळूच सांगतील. त्यांनी राखेचा हात थांबवला. "तुम्ही केलं ना? मंग तुम्हीच सांगा," म्हणाल्या. आणि मग, "त्याईचा लोकायच्या डोळ्यावर लय भरोसा आहे बाई."

काका छत्री घेऊन निघतच होते. मी फाटकाशी उभं राहून सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं ओरडतील. त्यांनी विचारलं, "काल मी इचारलं, त्या वक्ती पडद्यावर काय लिवलं होतं? जसंच्या तसं सांगा."

मी ती इंग्रजी ओळ जशीच्या तशी सांगितली. आकडाही सांगितला.

"म्हणजे कान बरोबर होता," ते म्हणाले. "मी त्यालेच खोटं पाडलं." आणि गेले.

डिस्क नागपूरला एकाला दाखवली. ती आता फिरतच नव्हती. फाईल गेली, यादी गेली. चार वर्षांपूर्वीच्या फ्लॉपीवर होते तेवढे शब्द उरले.

त्यानंतर बारा-तेरा दिवस काकांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. येता-जाता बोलत. "आल्या काय मॅडम", "पाणी आलं आहे", असं. पण विचारलं काहीच नाही. ज्या माणसाने मला डोंगरांपासून ते दह्याच्या विरजणापर्यंत रोज काही ना काही विचारलं होतं, त्याने मला विचारणं सोडलं. मी दुसरी खोली शोधायला लागले होते.

मग एका शनिवारी संध्याकाळी जिन्याखालून हाक आली. "मॅडम, उद्या वेळ आहे काय?"

रविवारी आम्ही पुन्हा बसलो. या वेळी एकटी नवी डिस्क होती. काकांनी अट घातली. पडद्यावर येईल ते अक्षर न् अक्षर वाचायचं. महत्त्वाचं काय ते ते ठरवतील. मी वाचलं. कंपनीचे हक्क वाचले, 'पुढे जाण्यासाठी ही कळ दाबा' वाचलं, टक्क्यांचा प्रत्येक आकडा वाचला. अठ्ठ्याण्णव टाकताना मधेमधे जाहिरातीसारखी वाक्यं येतात, आता सगळं किती सोपं आणि मजेशीर होणार आहे अशी. तीही वाचली. काका गंभीरपणे म्हणाले, "चांगलं बोलते बिचारा. सहा वर्षं झाली, मले हे कोणी वाचूनच नोतं दाखवलं." वाचून वाचून माझा घसा सुकला. त्यांनी काकूंना पाणी आणायला सांगितलं.

दुपारी चारच्या सुमाराला बोलणारा प्रोग्राम चढला. साहेबाने घसा साफ केल्यासारखं पहिलं वाक्य म्हटलं. काकांनी काही टंकलं. साहेब म्हणाला, 'डिओलाय.'

काकांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला नाही. मुद्दाम खाली पाहिलं. नंतर वाटलं, पाहायला हवं होतं.

मग रोज संध्याकाळी चहानंतर तासभर आम्ही साहेबाला शिकवायला लागलो. फ्लॉपीवरचे शब्द चढवले, उरलेले काका आठवून सांगत आणि मी वाकडी स्पेलिंगं जुळवत असे. 'ळ' मलाही जमला नाही. यादी महिन्या-दीड महिन्यात पुष्कळशी उभी राहिली. पण 'दिसते कसं' कुठून आणणार? ते तर लोकांचं बोलणं होतं. मी एकदा म्हणून गेले की कदाचित यातून काही चांगलंच निघेल. काकांनी मला तिथेच अडवलं. "बरं झालं असं म्हणू नका मॅडम. गेलं थे गेलं. त्यातले तीन माणसं वारले आहे."

त्यांनी पुन्हा विचारायला सुरुवात करायचं ठरवलं आणि मला म्हणाले, आधी कोणाकोणाला विचारलं होतं त्यांची नावं लिहून काढू. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. बोर्डावरचे शेतकरी, रिक्षावाले, पोस्टमन, कचेरीतले शिपाई, दोन साहेब, शेजारची शाळकरी पोरं, मी स्वतः. कागद भरला. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. मी सहज विचारलं, "आणि काकू? त्यांचं काय काय होतं?"

काकांची बोटं टेबलावर थांबली.

"माहं काई नोतं त्याच्यात," काकू म्हणाल्या. त्या रागात नव्हत्या. कप ठेवत म्हणाल्या. "मले कधी इचारलंच नाई. साऱ्या जिल्ह्याले इचारलं."

"तुले फुरसत कोठी राह्यते," काका म्हणाले, पण आवाज पडला होता.

"फुरसत इचारल्यावर काढते माणूस."

मी उठून जायला निघाले. काकूंनीच मला हाताने बसवलं आणि त्या दारालगतच्या पाटावर टेकल्या. त्या खोलीत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. काकांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. बराच वेळ त्यांना प्रश्न सुचेना. प्रश्न न सुचलेले काकाही मी पहिल्यांदाच पाहत होते.

"काय सांगू, थेच सांगा ना," काकू म्हणाल्या. मग आपणच बोलल्या, "आपल्या लग्नातलं सांगू काय?"

"सांग."

"मांडवात तुम्ही आले, तं कोट घातला होता. त्याचं बटन चुकलं होतं. वरचं बटन दुसऱ्या काजात, मंग खालपावतर सारेच चुकले. एक बाजू वर आन् एक खाली लोंबून राह्यली होती. सारे पाहून राह्यले होते. तुमचा भाऊ बाजूलेच उभा होता, त्यानंबी सांगितलं नाई."

काकांचा हात नकळत छातीशी गेला, जणू आजही बटण तपासायचं होतं. "आन् तू? तू काऊन नाई सांगितलं?"

"मी नवरी. आन् मले वाटलं, सांगितलं तं तुम्ही शरमान. मंग रोज वाटे, आज सांगू. सव्वीस वर्षं झाले."

बाहेर रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. मग काका हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकू पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि मधेच त्यांनी पदर डोळ्यांवरही नेला.

काकांनी खुर्ची यंत्राकडे फिरवली. नवी फाईल उघडली. साहेब बोलला, 'ब्लँक.' त्यांनी काकूंचं नाव टंकलं. साहेबाने ते भलतंच काहीतरी म्हटलं, तशा काकू पाटावरून ताडकन उठल्या. "असं नाई रे बाबा माहं नाव!" म्हणत त्या यंत्राजवळ आल्या आणि स्वतःचं नाव त्याला मोठ्याने, तोडून तोडून सांगू लागल्या, जणू तो ऐकू शकत होता. काकांनी मागे-पुढे करत चार स्पेलिंगं बदलली. पाचव्या वेळी साहेबाने नाव बरोबर घेतलं.

"हां," काकू म्हणाल्या.

"आता सांग," काका म्हणाले, बोटं कळांवर ठेवून. "कोट कोणत्या रंगाचा होता?"

"निळा म्हणत होते, पण निळा नोता."

"मंग?"

काकूंनी विचार केला. मी माझा कप उचलला आणि हळूच वर निघाले. जिन्यावर असताना काकूंचा आवाज ऐकू आला, "थांबा, घाईनं लिवू नका. नीट आठवू द्या."